रेकॉर्डच्या लेबलावरील दोन छपाया: लहान संग्रहालयासाठी वाचन, नोंद आणि मांडणी

निपाणी परिसरातील एका जुन्या वाचनालयाला दोन कुटुंबांकडून ग्रामोफोन रेकॉर्डांचा संग्रह भेट मिळाला आहे. त्यात लाखेच्या, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांपासून विनाइलच्या ईपी (कमी वेळाच्या) आणि एलपींपर्यंत (जास्त वेळ चालणाऱ्या) सर्व प्रकार आहेत, आणि वाचनालयाच्या एका खोलीत त्यांचे कायमस्वरूपी प्रदर्शन उभे करायचे आहे. ऐकण्याची सोय पुढे होईल, तोवर लेबलांची चित्रकला व अक्षररचना हाच प्रदर्शनाचा विषय ठेवावा, असे आपण ठरवले आहे. त्या अनुषंगाने आपण तीन गोष्टी विचारल्या आहेत: लेबलांची नोंद कशी करावी, मांडणी कंपनीनुसार करावी की रंगानुसार, आणि फाटलेली किंवा फिकट झालेली लेबले संगणकावर नव्याने रेखाटून मोठ्या आकारात छापावीत का. मी मूळचा छपाई आणि अक्षररचनेचा माणूस. संग्रहांतील छापील वस्तूंच्या नोंदी करणे हे गेली अनेक वर्षे माझे काम आहे. त्या अनुभवावरून उत्तर देतो.

सर्व प्रश्नांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. रेकॉर्डचे लेबल हे एक चित्र नसून एकावर एक केलेल्या दोन छपाया असतात. पहिली छपाई कंपनीची: रंगीत पार्श्वभूमी, बोधचिन्ह, कडेने फिरणारी हक्कांची ओळ. ही लेबले हजारोंच्या संख्येने आधीच छापून ठेवलेली असत. दुसरी छपाई त्या विशिष्ट रेकॉर्डची: गाण्याचे शीर्षक, गायकाचे नाव, राग, भाषा, नाटक किंवा चित्रपट, आणि क्रमांक. ही छपाई बहुधा एकाच रंगात, काळ्या, सोनेरी किंवा रुपेरी शाईत, त्या कोऱ्या लेबलांवर गरजेपुरती केली जाई. पहिली छपाई सावकाश आणि चित्रकाराच्या किंवा खोदकाम करणाऱ्याच्या हातची. दुसरी घाईची, खिळे (छपाईची धातूची सुटी अक्षरे) जुळवणाऱ्या कामगाराच्या हातची. आपल्या नोंदवहीत या दोन थरांसाठी दोन वेगळे रकाने असले, तर पुढचे बहुतेक प्रश्न आपोआप सुटत जातात, आणि ते एकत्र केले तर संग्रहाची अर्धी माहिती हातून जाते.

प्रथम कंपनीचा थर घेऊ, कारण काळ ठरवण्यासाठी तो सर्वांत उपयोगी पडतो. अगदी सुरुवातीच्या सात इंची तबकड्यांवर कागदी लेबल नव्हतेच. मधल्या भागात अक्षरे कोरलेली असत. ग्रामोफोन कंपनीचे आरंभीचे चिन्ह होते तबकडीवर पिसाने लिहिणारा देवदूत. फ्रान्सिस बॅरोने रंगवलेले कर्ण्यासमोरच्या कुत्र्याचे चित्र कंपनीने १८९९ मध्ये विकत घेतले असले, तरी तिच्या लेबलांवर तो कुत्रा १९०९ पासून दिसू लागला. कंपनीच्या नावात ‘टाइपरायटर’ हा शब्द असेल, तर ते लेबल १९०० च्या अखेरीपासून १९०७ पर्यंतच्या काळातले, कारण या कंपनीने तेवढीच वर्षे टंकलेखन यंत्रांचाही धंदा नावात मिरवला. त्याच काळातील ‘कॉन्सर्ट’ आणि ‘मोनार्क’ हे शब्द अनुक्रमे दहा आणि बारा इंची आकाराचे निदर्शक आहेत. छायाचित्रात मापपट्टी नसली तरी केवळ या शब्दांवरून आकार कळतो. कंपनीचा ध्वनिमुद्रक फ्रेड गेसबर्ग याने कलकत्त्यात १९०२ मध्ये केलेल्या ध्वनिमुद्रणांच्या तबकड्या जर्मनीतील हॅनोव्हरला दाबल्या गेल्या, म्हणजे साच्यात दाबून तयार झाल्या. कलकत्त्यातील सियालदहचा कारखाना १९०८ मध्ये सुरू झाल्यावर हॅनोव्हरचा उल्लेख मागे पडला, आणि १९२० च्या दशकाअखेर डमडमचा कारखाना आल्यावर तेच गाव लेबलांवर पुढे कित्येक दशके राहिले. एकाच बाजूला ध्वनिमुद्रण असलेली तबकडी सहसा अधिक जुनी समजावी. दोन्ही बाजूंच्या तबकड्या ओडियन कंपनीने १९०४ मध्ये बाजारात आणल्या.

ओडियनचे घुमटाकार नाट्यगृह, बेकाचा लांब मानेचा पक्षी, कोलंबियाची जोडलेली स्वरचिन्हे ही बोधचिन्हे ओळखणे सोपे आहे, त्यामुळे त्यांवर फार वेळ घालवू नये. मुंबईच्या नॅशनल ग्रामोफोन रेकॉर्ड मॅन्युफॅक्चरिंग कंपनीची ‘यंग इंडिया’ लेबले मात्र आपल्याकडे मिळाली असतील, तर ती जपून वेगळी नोंदवावीत. विलायती भांडवलाच्या कंपन्यांची मक्तेदारी असताना ती निघत होती, आणि सीमाभागातील मराठी घरांतल्या पेट्यांमध्ये ती असण्याची शक्यता चांगली आहे. आणखी एक सूचना: १९३१ मध्ये कोलंबिया आणि ग्रामोफोन कंपनी विलायतेत एक झाल्या. म्हणून त्यानंतरच्या ‘एचएमव्ही’ (ग्रामोफोन कंपनीचे लेबल) आणि ‘कोलंबिया’ लेबलांचे पहिले थर अगदी वेगळे दिसत असले, तरी दुसऱ्या थरातील खिळ्यांचे वळण शेजारी ठेवून तपासावे. बोधचिन्हापेक्षा खिळे अधिक खरे बोलतात, असे माझे मत आहे.

आता दुसऱ्या थराकडे येतो, आणि येथे थोडा रेंगाळणार आहे, कारण बेळगाव जिल्ह्यातील संग्रहाला जे वैशिष्ट्य आहे ते याच थरात आहे. वर्तुळात मजकूर बसवणे हा लेबल-रचनेचा कायमचा प्रश्न आहे. मधोमध सव्वासात मिलिमीटरचे छिद्र, त्याच्या वर बोधचिन्ह, आणि उरलेल्या खालच्या अर्धचंद्रात सगळी माहिती. ओळ जितकी खाली, तितकी तिची रुंदी कमी. म्हणून लांब शीर्षक छिद्राच्या लगेच खाली, गायकाचे नाव त्याच्या खाली मोठ्या अक्षरांत, आणि भाषा किंवा वाद्यांची साथ तळाशी बारीक अक्षरांत, अशी उतरंड लागते. रोमन अक्षरे कडेच्या गोलाईने लावणे जुळारीला फारसे अवघड नसे, कारण ती सुटी सुटी असतात. देवनागरीचे तसे नाही. धातूचा खिळा सरळ असतो, त्यामुळे देवनागरी ओळ गोलाईत जुळवली की प्रत्येक अक्षराच्या डोक्यावरची शिरोरेषा सरळच राहते आणि शेजारच्या अक्षराशी कोन करून तुटते. उलट, एखाद्या लेबलावर शिरोरेषा अखंड, कमानीसारखी वळलेली दिसली, तर ते अक्षर हाताने लिहून त्याचा ब्लॉक (छपाईचा अखंड ठसा) केलेला आहे, आणि ते बहुधा कंपनीच्या पहिल्या थरातील आहे, असे समजण्यास हरकत नाही. कन्नड अक्षरांना डोक्यावर जोडणारी अखंड रेघ नाही. प्रत्येक अक्षराचा माथा त्याचा त्याचा. म्हणून गोलाईत कन्नड ओळ रोमनइतकीच सुखाने बसते. आपल्या संग्रहात देवनागरी आणि कन्नड लिपीतील मजकुराची लेबले दोन्ही असतील, तर ती एकाच काचेखाली शेजारी ठेवावीत. एकाच वर्तुळात दोन लिपी किती वेगळ्या अडचणी सोडवत होत्या, हे दोन्ही भाषा वाचणारा आपल्याकडचा प्रेक्षक क्षणात ओळखेल. मुंबई-पुण्याच्या संग्रहालयात ही तुलना इतक्या सहजपणे पोहोचणार नाही.

याच थरात खिळेजुळणीच्या चुका आहेत: निसटलेली वेलांटी, उलटा बसलेला खिळा, रागाचे चुकलेले नाव, एकाच गायकाच्या नावाची दोन बाजूंना दोन रोमन रूपे. नोंद करताना यांतील एकही चूक सुधारू नये. लेबलावर जसे आहे तसेच एका रकान्यात उतरवावे, आणि आजचे मान्य नाव शेजारच्या रकान्यात द्यावे. ही केवळ कारकुनी शिस्त नाही. गंगूबाई हनगळ यांच्या १९३० च्या दशकातील सुरुवातीच्या रेकॉर्डांवर त्यांचे नाव ‘गंधारी’, आणि त्यापुढे हुबळी, असे आहे. कोणी उत्साहाने ते ‘दुरुस्त’ करून केवळ गंगूबाईंचे नाव लिहिले, तर पुढच्या अभ्यासकाला ती तबकडी शोधता येणार नाही. आणि केवळ ‘गंधारी’ लिहून सोडले, तर ती गंगूबाईंची आहे हे प्रेक्षकाला कळणार नाही. चित्रपटाच्या रेकॉर्डांवर तर कित्येकदा गायकाऐवजी पात्राचे नाव असे; ‘महल’ (१९४९) च्या मूळ रेकॉर्डवर लता मंगेशकरांच्या जागी ‘कामिनी’ हे पात्राचे नाव छापले होते. बिळगीच्या अमीरबाई कर्नाटकी यांनी अनेक भाषांत गायले. म्हणून त्यांच्या नावाखाली नोंदी एकत्र करताना लेबलावरील भाषेचा शब्द जसाच्या तसा ठेवावा. सुळेभावीचे कुमार गंधर्व किंवा मनसूरचे मल्लिकार्जुन मनसूर यांची रेकॉर्ड संग्रहात निघाली, तर ती दर्शनी भागात ठेवण्याचा मोह होईल. ठेवावी, परंतु लेबलाच्या प्रदर्शनात तिचे स्थान तिच्या छपाईवरून ठरू द्यावे, गायकाच्या कीर्तीवरून नव्हे.

येथे एक इशारा द्यायला हवा. लेबल हे त्या तबकडीच्या दाबणीचा काळ सांगते, ध्वनिमुद्रणाचा नव्हे. लोकप्रिय ध्वनिमुद्रण वर्षानुवर्षे नव्या लेबलांनिशी पुन्हा दाबले जाई. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ, जे मिरजेत स्थायिक झाले होते, १९०५ च्या सुमारास ग्रामोफोन कंपनीसाठी आणि पुन्हा १९३० च्या दशकाच्या मध्यात ओडियनसाठी गायले; ते १९३७ मध्ये निवर्तले, तरी त्यांची ध्वनिमुद्रणे नंतर विनाइलवर आली. त्या एलपीच्या लेबलावरून मूळ ध्वनिमुद्रणाचा काळ कळणार नाही. ध्वनिमुद्रणाचा माग काढायचा तर लेबलाच्या बाहेर, खाचा संपतात त्या गुळगुळीत पट्टीवर कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक, म्हणजे मूळ ध्वनिमुद्रणाचा क्रमांक, पाहावा लागतो. तो उजव्या-डाव्या बाजूला फिरवत तिरप्या उजेडात वाचावा आणि लेबलावरील क्रमांकापासून वेगळा नोंदवावा. विनाइलच्या काळात दुसऱ्या थरातील क्रमांकाआधीची अक्षरेही कामाची आहेत: इंग्लंडमधील मालिकांच्या आद्याक्षरांपुढे ‘ई’ जोडून आपल्याकडे ‘ईएएलपी’ आणि ‘ईसीएलपी’ ही मोनोसाठी, तर ‘ईएएसडी’ आणि ‘ईसीएसडी’ ही स्टिरिओसाठी वापरली गेली. लेबलावरील ‘स्टिरिओ’ हा शब्द पुसला असला तरी ही अक्षरे पुरेशी आहेत.

छपाईचा प्रकार ओळखण्यासाठी दहापट भिंग पुरते. मात्र रेकॉर्डच्या बाबतीत एक नेहमीचा पुरावा फसवतो. पुस्तकात खिळ्यांची छपाई कागद दाबल्याच्या खुणेवरून ओळखतात. लेबल मात्र डिंकाने चिकटवलेले नसते; ते आधी वाळवून दमटपणा काढून, तापलेल्या साच्यात कच्च्या मालाबरोबरच दाबले जाते, आणि त्या दाबाखाली खिळ्यांची खूण सपाट होऊन जाते. म्हणून अक्षरांच्या कडेला शाईची गडद किनार दिसते का, ते पाहावे: दिसली तर खिळे किंवा ब्लॉक, न दिसली तर शिळाछाप (दगडाच्या सपाट पृष्ठभागावरून केलेली छपाई) किंवा तिचीच पुढची ऑफसेट पद्धत. ठिपक्यांची जाळी दिसली तर छायाचित्रावरून केलेला ब्लॉक किंवा ऑफसेट. त्याचप्रमाणे छिद्राभोवती दिसणारी खोल गोल खाच ही चित्रकाराची रेघ नसून साच्याचा ठसा आहे. तिला रचनेचा भाग म्हणून नोंदवलेले मी अनेक सूचींमध्ये पाहिले आहे. छिद्राजवळचे बारीक कमानदार ओरखडे हे रेकॉर्ड लावताना ग्रामोफोनच्या मधल्या खिळीवर घासल्याचे आहेत. ते दोष म्हणून नव्हे, वापराची खूण म्हणून लिहावेत. दुकानदाराचा रबरी शिक्का, मालकाची पेन्सिलने केलेली सही, लग्नाच्या आहेराची तारीख, ही तर तिसरी छपाईच समजा. बेळगाव, कोल्हापूर किंवा हुबळीच्या दुकानाचा शिक्का असलेले साधे लेबल मी एखाद्या दुर्मीळ लेबलाच्या बदल्यातही सोडणार नाही, कारण माल कोणत्या वाटेने सीमाभागात आला याचा तेवढाच कागदी पुरावा उरलेला असतो. कागदी पाकिटांवरील जाहिरातींनाही हेच लागू आहे. पाकिटे फेकू नयेत आणि एकाचे पाकीट दुसऱ्या रेकॉर्डला घालू नये.

मांडणीविषयी माझे मत स्पष्ट आहे: रंगानुसार मांडू नये. भिंत सुंदर दिसेल, छायाचित्रे निघतील, पण रंग हा बहुतेक ठिकाणी किमतीचा किंवा मालिकेचा संकेत होता आणि तोही कालांतराने उडालेला आहे. आज विटकरी दिसणारे लेबल मूळचे गडद लाल असू शकते. केवळ कंपनीनुसार मांडणी केली तर पहिला थरच पुन:पुन्हा दिसत राहतो. त्यापेक्षा एकाच कंपनीचे तेच कोरे लेबल वेगवेगळ्या दुसऱ्या छपायांनी कसे बदलले, हे दाखवणारे गट करावेत: मराठी नाट्यपद, कन्नड वचन, हिंदुस्थानी ख्याल, हरिकथा. चौकट तीच, मजकुराचा तोल मात्र दर वेळी वेगळा. नाट्यपदाच्या लेबलावर गायकाइतकेच नाटकाचे नाव ठसठशीत असते. ख्यालाच्या लेबलावर रागाचे. ज्या जिल्ह्याने गुर्लहोसूरचे अण्णासाहेब किर्लोस्कर दिले, तेथे नाट्यपदांचा गट आपोआप मोठा निघेल. तो तसाच राहू द्यावा.

छायाचित्रांसाठी कॅमेरा तबकडीच्या बरोबर वर, दोन्ही बाजूंनी पंचेचाळीस अंशांत सारखा प्रकाश, चौकटीत मिलिमीटरची पट्टी आणि रंगपट्टी, एवढे पुरे. सोनेरी किंवा रुपेरी शाई या प्रकाशात काळपट किंवा तपकिरी येते. म्हणून अशा लेबलाचे दुसरे छायाचित्र एकाच बाजूच्या तिरप्या प्रकाशात घ्यावे. स्कॅनर वापरायचाच असेल तर जाड, जुन्या पद्धतीचा घ्यावा. पातळ स्कॅनरची दृष्टी उथळ असते आणि तबकडीची कड उंच असल्याने लेबल धूसर येते. वरचे झाकण दाबू नये. लाखेची तबकडी त्याने तडकते.

जपणुकीबाबत थोडक्यात. लाखेच्या तबकडीला स्पिरिट किंवा अल्कोहोल कधीही लावू नये. लाख त्यात विरघळते. लेबलाला, मग ते लाखेवरचे असो वा विनाइलवरचे, पाणीही लावू नये, कारण कागद बिनचकाकीचा आणि शोषणारा असतो. आपल्याकडच्या पावसाळ्यात लेबलावर पांढरी बुरशी धरते. तोंडाला फडके बांधून, सावलीत वाऱ्यावर तबकडी सुकवून मऊ कुंचल्याने ती झटकावी. उन्हात वाळवू नये. विनाइल वाकते आणि रंग उडतो. तबकड्या उभ्या, घट्ट न कोंबता, जमिनीपासून वर ठेवाव्यात. कपाटात डांबरगोळ्या नकोत. विनाइलच्या रेकॉर्डांना मऊ पीव्हीसीची पारदर्शक पाकिटे नकोत. त्यांतील मऊपणा देणारे द्रव्य हळूहळू तबकडीत उतरते. आम्लविरहित कागदाची पाकिटे महाग वाटली, तर निदान जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळणे तरी टाळावे.

राहिला नव्याने रेखाटण्याचा प्रश्न. माझा सल्ला नकारार्थी आहे. संगणकावर लेबल पुन्हा काढताना रेखाटणारा सर्वप्रथम दोन थरांतील सरकलेली जागा नीट करतो, तुटलेली शिरोरेषा जोडतो, आजचा टंक वापरतो आणि कागदाचा पिवळेपणा पांढरा करतो. म्हणजे आपण ज्यासाठी लेबल दाखवत आहोत ते सर्व पुसतो. भिंतीवर मोठे चित्र हवेच असेल, तर छायाचित्रच मोठे करून लावावे, फाटलेला भाग फाटलेलाच ठेवावा, आणि प्रतिकृती आहे हे खाली लिहावे. भेटवस्तू म्हणून कार्डे किंवा कॅलेंडर छापण्याचा विचार असल्यास व्यापारचिन्हाची परवानगी आधी घ्यावी. ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाचे नाव २००० मध्ये सारेगामा झाले असले, तरी चिन्हांचे हक्क तबकड्यांबरोबर जुने होऊन संपत नाहीत. भारतात ध्वनिमुद्रणाचा स्वामित्वहक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे असतो. तो ऐकवण्याच्या सोयीसाठी लागेल, लेबलाच्या छपाईसाठी नाही, आणि या दोन परवानग्यांची गल्लत करू नये.

प्रत्येक काचेखाली मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषांत टिपण असावे, आणि ते भाषांतर म्हणून नव्हे तर त्या त्या भाषेच्या वाचकासाठी वेगळे लिहिलेले असावे. देवनागरी शिरोरेषेविषयीचा परिच्छेद कन्नड वाचकाला थोडा अधिक उलगडून सांगावा लागेल. सुरुवात करताना सर्व तबकड्यांची नोंद एकदम हाती घेऊ नये. ज्या लेबलांवर दुसरा थर स्पष्टपणे सरकलेला दिसतो अशी काही निवडून त्यांची नोंद, छायाचित्रे आणि टिपणे आधी पूर्ण करावीत, म्हणजे उरलेल्या नोंदींसाठी रकाने कोणते लागतील, कोणते नको, हे त्याच कामातून ठरेल.